गेलर्टच्या गावात आठ दिवस

बर्मिंगहॅमहून जाऊबाईंचा फोन आला. "भाभी, मेच्या शेवटच्या आठवड्यात मुलांच्या शाळेला सुट्टी आहे. तुम्ही इकडे येताच आहात, तर वेल्सच्या डोंगरात आठ दिवसांसाठी घर घेतलंय. चूल आपली, भांडी आपली. फक्त भाईंना तयार करा."

शेवटचं वाक्य सगळ्यात अवघड होतं. आमचे मरहूम सासरे गेले त्याला दोन वर्षं झाली. श्रीवर्धन तालुक्यातलं त्यांचं घर तेव्हापासून बंद आहे. 2020 च्या निसर्ग वादळात अर्धी कौलं उडाली, त्या जागी पत्रे घातले, ते तसेच आहेत. अब्बाजी गेल्यावर महिन्याभरात धाकट्या दिरांनी मेसेज पाठवला होता, "भाई, घराचं काहीतरी करून टाकू या." मुलांच्या अब्बांनी त्याचा अर्थ घेतला, विकून टाकू या. रागाच्या भरात उत्तर गेलं, "कबरीची माती वाळली नाही आणि तुला हिस्सा हवा?" त्यानंतर दोन्ही भावांत ईदचा सलाम तेवढा राहिला.

मुलांच्या अब्बांनी बर्मिंगहॅमला यायचं मान्य केलं ते अम्मींसाठी. अम्मींना दोन्ही मुलांचा संसार एका छताखाली बघायचा होता.

तर आम्ही नऊ जण, दोन गाड्या, तांदळाची दहा किलोची पिशवी, हलाल मटणाने भरलेला बर्फाचा डबा, प्रेशर कुकर, दोन पातेली आणि तवा असा लवाजमा घेऊन निघालो. साडेतीन तासांचा रस्ता. वेल्सची हद्द लागली तशा पाट्या दोन भाषांत दिसू लागल्या, वेल्श आणि इंग्रजी. वळणावळणावर रस्त्यावरच मोठ्या अक्षरांत लिहिलेलं वाचून आमची धाकटी ओरडली, "अम्मी, आराफ! सूरह अल-आराफ!" चाचाने हसत सांगितलं, हा वेल्श शब्द आहे, उच्चार 'अराव', आणि अर्थ 'हळू'.

ज्याला जग स्नोडोनिया म्हणतं त्या राष्ट्रीय उद्यानाचं वेल्श नाव एरेरी. 1951 साली ते स्थापन झालं आणि 2022 पासून उद्यानाच्या प्रशासनाने वेल्श नावच वापरायचं ठरवलं. सर्वात उंच शिखर अर् विद्वा, 1,085 मीटर. आपलं कळसूबाई 1,646 मीटर आहे, हे आमच्या मुलाने चुलतभावंडांना दिवसातून तीनदा ऐकवलं. पण इथला डोंगर जवळजवळ समुद्राच्या पातळीवरूनच उठतो, त्यामुळे तो आहे त्याहून उंच वाटतो. आपल्याकडच्या अभयारण्यासारखी इथे माणसं बाहेर नाहीत. गावं, शेतं, मेंढ्या, दगडी गडगे, सगळं उद्यानाच्या आतच आहे.

आमचं घर बेदगेलर्ट गावाजवळ होतं. जाड दगडी भिंती, वर काळ्या स्लेटचं छप्पर. ज्या दगडाच्या पाटीवर आमची पिढी बाराखडी शिकली, त्याच जातीचा दगड. दाराशेजारी आकड्यांची पेटी, तिच्यात किल्ली. आत टेबलावर मालकांनी पाहुणचार म्हणून ठेवलेला बारा ब्रिथ, म्हणजे चहात भिजवलेल्या मनुकांचा केक, आणि शेजारी वाइनची बाटली. केकचे घटक वाचून तो संध्याकाळपर्यंत संपवला. बाटली शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या, घराची देखभाल करणाऱ्या बाईंना परत दिली. त्यांनी वाईट मानलं नाही. दुसऱ्या दिवशी बाटलीच्या बदल्यात अंडी आली.

अशा घरात जाणाऱ्या भगिनींना दोन-तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. तिथली कढई-तवे कशाकशाला वापरलेले असतात ते आपल्याला माहीत नसतं, म्हणून आपली भांडी नेलेली बरी. न्हाणीघरात लोटा नसतो. आम्ही वाटेत बागेतली झारी विकत घेतली. आणि फोडणी देताना आधी खिडकी उघडा. पहिल्या रात्री आम्ही सुकटीला लसणाची फोडणी दिली आणि छतावरचा धुराचा भोंगा असा काही बोंबलू लागला की अम्मी कलमा पढू लागल्या. भोंगा बंद कसा करायचा ते कोणालाच कळेना. शेवटी दोन्ही भाऊ एका खुर्चीपाशी आले. एकाने खुर्ची धरली, दुसरा चढला. दोघं एकमेकांशी बोलले ते एवढंच, "नीट धर," आणि "धरलंय."

दोन स्वयंपाक करणाऱ्या बायका, एक ओटा. पहिले दोन दिवस जाऊबाई आणि आमच्यातही मसाल्यावरून थोडं झालं. त्यांचं माहेर गुजराती, मटणात नारळ कशाला हा त्यांचा प्रश्न. मग दुपार त्यांची, रात्र आमची असं ठरलं.

नमाजची गंमत वेगळीच. आपल्याकडे किब्ला पश्चिमेला, मावळतीकडे. इथे तो आग्नेयेला. धाकटी सवयीने उलटीकडे मुसल्ला टाकायची. सूर्य साडेनवाच्या सुमारास मावळायचा, म्हणजे मगरिब आपल्या इशाहून उशिरा. आम्ही शाफई, सात रात्री राहायचं ठरलेलं, म्हणून आमची नमाज पूर्ण. जाऊबाई हनफी, त्यांच्या हिशेबाने पंधरा दिवसांच्या आतला मुक्काम म्हणजे प्रवासच, त्यांची कसर. पण मुकीम इमामामागे मुसाफिरही पूर्ण पढतो. इमाम कोण होणार, तर थोरला भाऊ. धाकट्याला त्यांच्या मागे उभं राहावं लागलं, दिवसातून पाच वेळा.

तिसऱ्या दिवशी पाऊस. कोकणातल्या माणसाला त्याचं काय? छत्र्या घेऊन नदीकाठाने चालत गेलो. गावाबाहेर कुरणात एका झाडाखाली दगड उभा आहे. वेल्श भाषेत 'बेद' म्हणजे कबर; बेदगेलर्ट म्हणजे गेलर्टची कबर. शेजारी गोष्ट कोरलेली आहे. राजपुत्र लुएलिन शिकारीहून परतला. बाळाचा पाळणा उलटलेला, आणि त्याचा कुत्रा गेलर्ट रक्ताने माखलेल्या तोंडाने समोर आला. राजपुत्राने तलवार खुपसली. मग पाळण्यामागून बाळाचं रडणं ऐकू आलं. बाळ सुखरूप होतं आणि बाजूला मेलेला लांडगा पडला होता.

आमचा मुलगा म्हणाला, "ही तर मुंगसाची गोष्ट!" बरोबरच होतं. पंचतंत्रातलं ब्राह्मणाचं मुंगूस. तीच गोष्ट इब्न अल-मुकफ्फाने आठव्या शतकात अरबीत आणलेल्या 'कलीला व दिम्ना'तही आहे, तिथे ब्राह्मणाच्या जागी जाहिद येतो. आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे ही गोष्ट दोन वाटांनी आमच्याकडे आलेली होती. तिसऱ्या वाटेने ती वेल्समध्ये भेटेल असं वाटलं नव्हतं. कबर मात्र खरी नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीला इथल्या खाणावळीच्या मालकाने पर्यटक यावेत म्हणून ती रचली असं सांगतात.

अम्मींना इंग्रजी येत नाही. त्यांनी विचारलं, काय लिहिलंय? धाकट्याने सगळी गोष्ट सांगितली, अगदी शेवटपर्यंत. अम्मी एवढंच म्हणाल्या, "न विचारता मारलं." मुलांचे अब्बा पावसातच नदीकडे बघत उभे राहिले. आम्ही मुलांना घेऊन पुढे निघालो.

त्या रात्री देखभाल करणाऱ्या बाई चहाला आल्या होत्या. त्या घरात वेल्शच बोलतात. या ग्विनेद परगण्यात 2021 च्या जनगणनेनुसार शंभरातले 64 लोक वेल्श बोलतात. त्यांनी सांगितलं, एकोणिसाव्या शतकात अनेक शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी फळी अडकवत; दिवसअखेर ती ज्याच्या गळ्यात त्याला छडी. त्यातून भाषा वाचली, पण आता घरं जातात. बाहेरचे लोक सुट्टीसाठी घरं घेतात, किमती वाढतात, गावातल्या मुलांना परवडत नाहीत. म्हणून 2023 पासून ग्विनेदमध्ये दुसऱ्या घरावर नेहमीच्या कराच्या वर आणखी दीडशे टक्के कर आहे. त्यांच्या गल्लीत हिवाळ्यात पाचांपैकी दोनच घरांत दिवा लागतो. हे ज्या घरात बसून ऐकत होतो, ते त्या बाईंच्या आत्याचं घर होतं. चहा जरा जड गेला.

बाई गेल्यावर धाकटे दीर म्हणाले, "भाई, आपल्या गल्लीत किती दिवे लागतात?" मुलांच्या अब्बांनी मोजले. चार. तेव्हा कुठे दिरांनी सांगितलं, की 'करून टाकू' म्हणजे कौलं बसवून, न्हाणीघर नीट करून असंच घर चार दिवस पाहुण्यांना द्यावं, म्हणजे दारं-खिडक्या उघडतील आणि डागडुजीचे पैसे निघतील, असं त्यांच्या मनात होतं. विकायचं कधीच नव्हतं. "मग तसं लिहायचं होतंस." "तुम्ही विचारायचं होतं." आवाज चढले. अम्मी तस्बीह घेऊन मध्ये येऊन बसल्या.

शेवटचे दिवस कसे गेले कळलं नाही. भाऊ मुलांना घेऊन शिखरावर गेले, धुक्यात काही न बघता परत आले. आम्ही दोघी अम्मींना वाफेच्या छोट्या गाडीने पोर्थमाडॉगला समुद्र दाखवून आणला. गाडी अगदी आपल्या माथेरानसारखी.

शुक्रवारी रात्री टेबलावर एक कागद होता. कौलं, विहिरीचा रहाट, न्हाणीघर, वायरिंग. दोन हस्ताक्षरं. खाली मुलांच्या अब्बांनी लिहिलं होतं, 'अब्बाजींची खोली पाहुण्यांना नाही.' त्यावर धाकट्याने काही लिहिलं नव्हतं, खोडलंही नव्हतं. काम दिवाळीनंतर, पाऊस संपल्यावर.

शनिवारी दहाच्या आत घर रिकामं करायचं होतं. झाडलं, ओटा घासला, किल्ली पेटीत ठेवली. आठ-दहा किलोमीटर गेल्यावर जाऊबाईंना आठवलं की तवा चुलीवरच राहिला. एक गाडी वळवावी लागली. दोन्ही भाऊ गेले, आम्ही तळ्याकाठी थांबलो. तव्याला एक माणूस पुरला असता. ते परत आले तेव्हा पाऊण तास झाला होता.