सॅम्पलवरून घडलेल्या एसएलआरला

प्रिय एसएलआर,

परवा गोराईच्या जेट्टीवर तू दिसलीस. बोरिवलीच्या बाजूची बोट लागत होती आणि बंदोबस्तातल्या हवालदाराच्या खांद्याला तू, सेल्फ-लोडिंग रायफल, होतीस. दस्त्याचं पॉलिश उडालेलं, पट्टा मात्र नवा. कॉलेजात एनसीसीच्या कॅम्पवर तुझं ‘खोलना-जोडना’ शिकलो होतो, तेव्हाचं ते साडेचार किलोंच्या आसपासचं वजन खांद्याला एकदम आठवलं.

बोटीत आमच्या सोसायटीतला एक मुलगा बरोबर होता, आयटीआयला शिकणारा. त्याने विचारलं, ‘‘काका, तुम्ही टूलरूममध्ये होतात ना? लेथवर हिची नक्कल करता येईल?’’ मी त्याला सरळ सांगितलं की चालणारं हत्यार बिनपरवाना बनवणं हा 1959च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, त्यात तू प्रतिबंधित बोअरची. हा विचार डोक्यातून काढ, असंही त्याला बजावलं. पण त्याचा प्रश्न मला सोडेना. कारण तू स्वतःच एक नक्कल आहेस, आणि ती आपल्या पुण्यात झाली.

तुझं मूळ बेल्जियमचं. एफएन कंपनीच्या द्यूदोने सेव्ह यांनी आखलेली ‘फाल’ रायफल नव्वदहून अधिक देशांनी वापरली. ब्रिटिशांनी आणि ऑस्ट्रेलियाने ती इंचांत बसवून घेतली. पुण्याच्या एआरडीई या संस्थेतल्या माणसांनी बेल्जियन, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन नमुने सुटे केले, मोजले आणि त्यातून तुझी 1ए1 ही आवृत्ती काढली. पुढे बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात तू तयार होऊ लागलीस. परवाना घेतलेला नव्हता. एफएनने हरकत घेतली, दाव्याची भाषा झाली, आणि भारताने त्यांच्याकडून काही रायफली विकत घेऊन ती मिटवली. हे झाकायचं कारण नाही. दुसऱ्याच्या डोक्यातून निघालेल्या वस्तूची किंमत द्यायलाच हवी होती.

पण ‘नुसती कॉपी’ असं कुणी तुला म्हटलं की मला राग येतो. नमुना पाहून वस्तू करणं किती अवघड असतं ते फिटरला विचारावं. हातात आलेला भाग मायक्रोमीटरखाली धरला की माप मिळतं. पण ते माप मुळातलं की झिजून झालेलं, हे तो भाग सांगत नाही. किती सैल चालेल, किती घट्ट झाला तर अडकेल, हेही एका नमुन्यावरून कळत नाही. पोलाद कोणतं, त्याला पाणी किती दिलंय, हे तर डोळ्यांना दिसतच नाही. मी एका साध्या पंपाच्या शाफ्टसाठी अशी आठवडाभर झोप घालवली आहे. तुझ्यात तर गोळीमागचा वायू पिस्टनला ढकलतो, रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढचं आत बसतं, आणि हे वीस वेळा, चिखलात, थंडीत, न चुकता व्हावं लागतं.

त्यात काळ कोणता? 1957 साली नवे पैसे आले, मेट्रिक मापं येत होती. कारागिरांचे हात मात्र इंचावर बसलेले. आणि तुझे कितीतरी भाग ना ब्रिटिश रायफलीला बसतात, ना बेल्जियन रायफलीला. माझ्या मते तिथेच तू नक्कल राहिली नाहीस.

1962च्या चीन युद्धात नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, आपले जवान जुन्या .303 रायफली घेऊन उभे होते. दर गोळीनंतर हाताने बोल्ट ओढायचा. त्या बर्फात तो ओढणाऱ्या बोटांचा विचार केला की अजून गळा दाटून येतो. 1971च्या युद्धात जवानांच्या हाती तू होतीस. नव्वदच्या दशकात इन्सास आली, तीही पुण्याच्याच आराखड्यावरची, आणि तू हळूहळू पोलिसांकडे आलीस.

त्या मुलाला मी प्लायवूडवर तुझा उभा छेद रंगवून दिला. पिस्टन लाल, स्प्रिंग निळी. तो तासभर त्यासमोर बसून होता. त्याला बनवायची हौस होती, मारायची नव्हती, हे मला तेव्हा नीट कळलं. अशा मुलांना तुझी जन्मकथा शाळेत, आयटीआयत कुणी सांगत नाही.

तुझ्या अंगावर आर.एफ.आय. (रायफल फॅक्टरी, ईशापूर) ही अक्षरं आणि साल कोरलेलं असतं. ज्यांनी तुला मोजलं त्यांची नावं नसतात. म्हणून हे पत्र वाचणाऱ्यांना विनंती: खडकी, पाषाण, देहूरोड, वरणगाव इथल्या ज्या घरांत त्या काळचे ड्राफ्ट्समन, फिटर, तपासनीस होऊन गेले, त्या घरांतल्यांनी गुपितं नकोत, पण त्यांची नावं आणि आठवणी लिहून काढाव्यात. त्यांच्यातली जी हयात असतील, ती आज फार थकलेली असतील.

तुझा,
गोराईतला एक निवृत्त फिटर