मिठाच्या गावातला बंगला

मुलांनो, आपल्याकडे वज्रेश्वरीला लोक गरम पाण्याच्या कुंडात अंघोळ करायला जातात ना? ऑस्ट्रिया देशात बाड इश्ल नावाचं गाव आहे. तिथे लोक जातात ते खारट पाण्यात डुंबायला! तिथल्या डोंगरांच्या पोटात मीठ आहे.

राजघराण्यातल्या सोफीला लग्नानंतर बरीच वर्षं मूल नव्हतं. डॉक्टरांनी तिला इश्लला पाठवलं. पुढे १८३० साली फ्रान्झ योसेफ जन्मला. लोक त्याला आणि त्याच्या भावांना 'मिठाचे राजपुत्र' म्हणू लागले. ही किमया खरोखर मिठाचीच होती का, ते जाऊ द्या!

हाच मुलगा पुढे सम्राट झाला. १८५३ साली इश्लमध्ये त्याच्यासाठी हेलेन नावाची मुलगी दाखवायला आणली. पण गंमत पाहा, त्याला आवडली तिची धाकटी बहीण, पंधरा वर्षांची एलिझाबेथ! सोफीने नव्या जोडप्याला लग्नाची भेट म्हणून इथला एक बंगला दिला. त्याला बागेच्या बाजूने दोन पाखं जोडली, तेव्हा त्याचा आकार झाला इंग्रजी 'ई' अक्षरासारखा. ई म्हणजे एलिझाबेथ, बरं का!

समोर कारंजं, मागे झाडांनी भरलेली टेकडी. एलिझाबेथला गर्दी नकोशी वाटे. तिच्यासाठी बागेतच, जरा उंचावर, एक छोटा वाडा बांधला होता. सम्राटाला मात्र शिकारीचा भारी नाद. बंगल्याच्या भिंती शिंगांनी भरून गेल्यात. मला काही ते आवडत नाही.

हा बंगला आजही त्याच्या वंशजांच्या मालकीचा आहे. तिकीट काढून आत जाता येतं. आत सम्राटाची कामाची खोली आहे. २८ जुलै १९१४ रोजी इथेच, आपल्या टेबलाशी बसून, त्याने सर्बियाविरुद्ध युद्धाच्या जाहीरनाम्यावर सही केली. दोनच दिवसांनी तो व्हिएन्नाला गेला. १९१६ साली वारला, पण या बागेत पुन्हा कधी आला नाही.

त्या सहीनंतर एकेक देश युद्धात ओढला गेला. आपल्यावर इंग्रजांचं राज्य, म्हणून आपले मराठा पलटणीतले जवान पार मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, जाऊन लढले. आपल्याकडच्या काही गावांत त्याची दगडी पाटी अजून दिसते. गावातून किती माणसं गेली नि किती परतली नाहीत, ते तिच्यावर कोरलेलं असतं. तुमच्या गावात आहे का अशी पाटी? असली तर वाचून या आणि आकडे मला कळवा.