पहाटे तीनची जीप

रात्री सुराबाया सोडलेली गाडी पहाटे तीनच्या सुमाराला डोंगरात थांबते आणि झोपेतून उठवलेली माणसे एका जुन्या टोयोटा लँड क्रूझरमध्ये कोंबली जातात. एकमेकांना अनोळखी, पाच-सहा जण. इंडोनेशियात याला ‘ओपन ट्रिप’ म्हणतात. भाडे अख्ख्या जीपचे, ते वाटून घ्यायला माणसे जमवायची. पूर्व जावातला ब्रोमो ज्वालामुखी कमी पैशात पाहायचा तो असा. मुक्काम नाही म्हणून हॉटेल नाही, हॉटेल नाही म्हणून स्वस्त. झोप तेवढी ज्याने त्याने आपल्या पदरची घालायची.

जीप जिथे नेते तो पनंजाकनचा कडा 2,770 मीटरवर आहे. जुलै-ऑगस्टमध्ये पारा शून्याजवळ उतरतो, आणि विषुववृत्ताशेजारच्या बेटावर थंडी ती काय असणार म्हणून चपला घालून आलेली मंडळी कुडकुडत भाड्याचे जाकीट शोधतात. जाकिटाला कालच्या गिऱ्हाइकाचा आणि चुलीच्या धुराचा वास असतो, बाह्या बोटांच्या खाली लोंबतात. तरी कुणी कुरकुरत नाही. टपरीवर कप-नूडल्सची वाफ, आल्याचा चहा, केळ्याची भजी. टपरीवाले खांद्यावरून सारोंग गुंडाळून, गळ्याशी गाठ मारून उभे. इथल्या तेंगर लोकांची शाल ती हीच.

मग पूर्वेला तांबडे फुटते आणि शेकडो मोबाइल डावीकडे वळतात. गंमत अशी, की ज्वालामुखी तिकडे नाहीतच. ते दक्षिणेला आहेत, अजून अंधारात. सूर्य वर येतो, सेल्फी उरकतात आणि निम्मी गर्दी जीपकडे पळते.

खरा खेळ त्यानंतरचा. खाली पसरलेले जुने विशाल ज्वालामुख धुक्याने काठोकाठ भरलेले असते. ऊन तिरपे उतरू लागले की त्या पांढऱ्यातून एकेक आकार वर निघतो. पुढ्यात बातोक, पावसाने कोरलेल्या घळींमुळे घडी घातल्यासारखा दिसणारा देखणा शंकू. फोटो पाहून आलेले लोक त्यालाच ब्रोमो समजतात. ब्रोमो त्याच्या डाव्या अंगाला आहे : 2,329 मीटर उंचीचा, बसका, तोंड उघडे, धुरकटलेला. नाव ब्रह्मदेवाचे, रूप मात्र अगदीच बेतास बात. सर्वांत मागे सेमेरू, 3,676 मीटर, जावातले सर्वांत उंच शिखर. ते अधूनमधून करड्या राखेचा लोट सोडते आणि कड्यावर कौतुकाची लाट उठते. याच सेमेरूच्या 4 डिसेंबर 2021च्या उद्रेकात पन्नासहून अधिक माणसे दगावली.

सह्याद्रीत वाढलेल्या डोळ्यांना शंकू नवे. आपला डोंगरही लाव्हाचाच, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. पण तो पातळ लाव्हा लांबच लांब भेगांतून वाहत, थरावर थर चढवत गेला, म्हणून आपल्या वाट्याला कडे आणि पठारे आली. जावातला लाव्हा त्यापेक्षा घट्ट. तो तोंडाशीच साचतो, राखेसह रचला जातो.

सातच्या सुमाराला जीप खाली काळ्या वाळूच्या मैदानात उतरते. तिथून ब्रोमोच्या मुखाकडे घोड्यावर किंवा पायी, आणि शेवटी अडीचशेच्या आसपास पायऱ्या. वर गंधकाचा वास घशात बसतो, मुखातून सतत घरघर ऐकू येते. ड्रायव्हरने दिलेली वेळ संपत आलेली असते, त्यामुळे पायथ्याशी एकट्या उभ्या असलेल्या मंदिराकडे कुणी वळत नाही.

वळायला हवे. पुरा लुहूर पोतेन हे तेंगर हिंदूंचे मंदिर. रोरो अंतेंग आणि जोको सेगेर या जोडप्याने मूल व्हावे म्हणून पर्वताला नवस केला, पंचवीस मुले झाली, धाकटा कुसुमा पर्वताला द्यावा लागला, ही त्यांची कथा. त्याच्या आठवणीने कसाडा महिन्याच्या पौर्णिमेला भाज्या, फळे, कोंबड्या, कधी बकरीसुद्धा मुखात टाकतात. मुखाच्या आतल्या निसरड्या उतारावर काही माणसे जाळी घेऊन उभी असतात आणि पडणारे वरच्यावर झेलतात. पर्वताला पोहोचले ते पर्वताचे, जाळीत आले ते घरी!

हेच लोक खड्या उतारांवर बटाटा, कोबी, पातीचा कांदा पिकवतात. जीप आणि घोडेही बहुतेक यांचेच. यांच्याच परिसरात सप्टेंबर 2023मध्ये लग्नाआधीच्या फोटोंसाठी कुणीतरी धुराची नळकांडी पेटवली आणि शेकडो हेक्टर गवताळ रान जळाले. स्वस्त सहलीत सर्वाधिक काटछाट होते ती या तेंगर माणसांच्या वाट्याच्या वेळेची, आणि माझ्या मते तो सौदा तोट्याचा आहे.

तेव्हा जाणार असाल तर एक रात्र जुन्या विशाल ज्वालामुखाच्या काठावरच्या चेमोरो लावांग गावात काढा. तिथून जवळच्या कड्यावर पहाटे पायी जाता येते, जीपचे पैसे वाचतात आणि जेवण गावात होते. पावसाळा टाळा, नोव्हेंबर ते मार्च ढगांपलीकडे काही दिसेल याचा भरवसा नसतो. आणखी एक : ब्रोमोवर धोक्याची दुसरी पातळी लागू असली, की मुखापासून एक किलोमीटरच्या आत जायला मनाई असते, सहलीच्या पत्रकात काहीही छापलेले असो. आगाऊ पैसे भरण्याआधी तेवढे विचारून घ्या.