सातपुड्यातली मोहाची पहाट

वाचकहो, बुलढाणा जिल्ह्याचे नाव काढले की डोळ्यांसमोर काय उभे राहते? शेगावचे मंदिर, लोणारचे खाऱ्या पाण्याचे सरोवर आणि सिंदखेडराजाचा जिजाऊंचा वाडा. घरी पाहुणे आले की आपण त्यांना या तीन ठिकाणी फिरवून आणतो आणि जिल्हा दाखवला असे समजतो. पण जिल्ह्याच्या उत्तरेला सातपुड्याची निळी भिंत आहे. नांदुऱ्याच्या पुढे पूर्णामाय ओलांडली की ती कुठूनही दिसते. तिच्या माथ्यावर माणसे राहतात, त्यांच्याकडे कोणी जात नाही. यंदा मी गेलो. का गेलो, ते आधी सांगितले पाहिजे.

माझा पुतण्या जपानात नोकरीला आहे. घरी लग्न होते म्हणून फाल्गुनात महिनाभराच्या रजेवर आला. रात्री जेवणे झाली की ओसरीवर सगळे त्याच्याभोवती बसायचे. एके रात्री त्याने तोनो नावाच्या गावाची गोष्ट सांगितली. ईशान्य जपानात इवाते नावाच्या डोंगराळ मुलखात हे गाव आहे. तेथले शेतकरी हॉपची लागवड करतात. हॉप म्हणजे एक वेल. तिच्या फुलांमुळे बिअरला कडवट चव येते. १९६३ पासून तेथे एका मोठ्या कंपनीसाठी हे पीक घेतात. पण पुढे पोरे शहरात गेली, मळे ओस पडू लागले, हॉप लावणारी घरे कमी कमी होत गेली. आपल्यासारखेच की! तेव्हा काही लोकांनी मिळून २०१८ साली गावातच एक लहानसे बिअरघर काढले. एका बाजूला टाक्या, दुसऱ्या बाजूला बसायची बाके. गावचा हॉप, गावात केलेली बिअर आणि शेजारी बसलेला तो हॉप पिकवणारा शेतकरी. पुतण्या तेथे गेला होता.

गोष्ट रंगात आली होती. पण वहिनीचा चेहरा उतरला. ती एवढेच म्हणाली, "तू घेतली?"

"अर्धा पेला घेतला आई. खोटं नाही सांगत."

वहिनी उठून आत गेली. वाचकहो, माझा धाकटा भाऊ, म्हणजे या मुलाचा बाप, दारूने गेला. बारा वर्षे झाली. दीड एकर विकले गेले, वहिनीच्या अंगावरचे गेले आणि शेवटी माणूस गेला. आमच्या घरात तेव्हापासून तो शब्दही कोणी मोठ्याने उच्चारत नाही.

दुसऱ्या दिवशी बांधावर पोरगा मला म्हणाला, "काका, मला दारूचं कौतुक नव्हतं सांगायचं. त्या गावानं आपली वस्तू आपल्याच हातात ठेवली, ते सांगायचं होतं." मग त्याने आणखी माहिती दिली. जपानातही पूर्वी घरोघरी शेतकरी भातापासून दोबुरोकू नावाची पांढरी, गढूळ दारू करीत. १८९९ साली सरकारने ती बंद केली, कारण दारूवरचा कर हे सरकारचे मोठे उत्पन्न होते. बिअरचेही तसेच. वर्षाला निदान वीस लाख लिटर करणाऱ्यालाच परवाना मिळे, म्हणजे धंदा बड्यांचाच. १९९४ साली ती अट साठ हजार लिटरवर आणली आणि गावोगाव लहान भट्ट्या निघाल्या. पुढे २००३ पासून ठरावीक भागांत, घरी पाहुणे उतरवणाऱ्या शेतकऱ्यांना स्वतःच्या शेतातल्या भाताची दोबुरोकू करून पाहुण्यांना द्यायची परवानगी मिळाली. त्यातही तोनो अगदी आरंभीचे.

ऐकता ऐकता मला आपल्याकडे कापूस वेचायला येणाऱ्या सातपुड्यातल्या मंडळींची आठवण झाली. दर वर्षी ते जाताना म्हणतात, "भाऊ, एक डाव मोहाच्या दिवसात वर या." दर वर्षी मी हो म्हणतो. या वेळी पोराला म्हटले, चल.

मोताळ्याहून नांदुरा, येरळीच्या पुलावरून पूर्णा, मग जळगाव जामोद. हा सगळा खारपाणपट्टा. विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. पण डोंगर जवळ येऊ लागला की जमिनीचा रंग पालटतो. संत्र्याचे मळे दिसतात, केळी दिसते. त्याच्या पुढे चढण लागते. भिंगारा, चाळीसटापरी, गोमाल अशा वस्त्या या डोंगरात आहेत. भिलाला, बारेला, निहाल, कोरकू असे लोक तेथे राहतात. त्यांतल्याच एका वस्तीवर आम्ही दिवे लागायच्या वेळी पोचलो. गाडी खालीच ठेवावी लागली. शेवटची वाट पायांनीच.

रात्री अंगणात बाजा टाकून झोपलो. पहाटे अजून अंधार असताना घरच्या म्हातारीने हाक मारली. "उठा भाऊ. फूल रातीच पडते. ऊन चढलं का थे माकडाचं आन् ढोराचं."

तिच्यामागे टोपली घेऊन सुना, पोरे, आम्ही दोघे. वाटेत ती काठी आपटत, मोठ्याने बोलत चालली होती. कारण विचारले तर म्हणाली, "अस्वल." मोहाचे फूल अस्वलाला फार आवडते आणि ते याच वेळी झाडाखाली येते. या दिवसांत सातपुड्यात माणसावर अस्वलाने झडप घातल्याच्या बातम्या आपण वाचतो. मूठभर फुलांसाठी ही बाई रोज पहाटे त्या अंधारात जाते, हे मला तेथे उभे राहिल्यावर कळले.

झाड लांबूनच ओळखू येते, वासाने. गोड, जड, किंचित आंबूस. झाडावर पाने जवळजवळ नाहीत, आणि खाली जमिनीवर पिवळसर पांढऱ्या मण्यांचा सडा. हे फूल पाकळ्या पाकळ्यांचे नसते. द्राक्षाएवढे, मांसल, रसाने भरलेले. एक तोंडात टाकून पाहिले, साखरच. वरून टप् टप् आवाज करीत फुले पडतच होती. वाकून वेचता वेचता तासाभरात माझी कंबर धरली. म्हातारी हसली. "कापूस तं उभ्यानं येचता येते, भाऊ."

काही ठिकाणी झाडाखालचा पाला जाळून जमीन साफ करतात, म्हणजे फूल चटकन दिसते. पण त्या आगीने जंगल पेटते. या वस्तीत आता झाडून घेतात, कोणी कोणी जुन्या साड्या नि जाळ्या खाली अंथरतात. फूलही स्वच्छ मिळते.

घरी आल्यावर फुले अंगणात वाळत घातली. चार-पाच दिवसांत ती तांबूस होतात, मनुक्यासारखी. मग त्यांचे काय होत नाही ते विचारा. उकडून खातात, भाजून तिळाबरोबर कुटून लाडू करतात, पिठात मिसळून भाकरी थापतात. फुलांच्या मागून फळे येतात. त्यांच्या बियांचे तेल निघते, ते दिव्याला आणि फोडणीला. म्हातारी म्हणाली, "बहात्तरच्या दुष्काळात आमच्या पोटात फूलच होतं. कोणाच्या दारात नाही गेलो."

आणि दारू? होय, तीही होते. वाळली फुले मडक्यात भिजत घालतात, काही दिवसांनी ती फसफसतात, मग चुलीवर चढवून तिची वाफ थेंब थेंब गाळतात. आपल्या राज्यात परवान्यावाचून दारू गाळणे हा गुन्हा आहे, हे मी येथे स्पष्ट लिहितो. त्या घरातही ते ठाऊक आहे. लग्न, मरण, देवाचे कार्य यांना ती लागते. पळसाच्या पानाच्या द्रोणात ओतली की पहिले थेंब जमिनीवर, वाडवडलांना. मग माणसांना. हे त्यांनी सांगितले, आम्ही पाहिले नाही, आणि घेतलीही नाही.

पोराने मात्र मनातले विचारून टाकले. "आजी, तुमच्या वस्तीत दारूपायी माणसं मरतात का?"

मी चपापलो. म्हातारी चूल फुंकत होती. "मरतात नं बापू. काहून नाही मरत? पहिले सणाले निघे. फूल सरलं का दारू सरली. आता खालून बाटली येते. तिले सणही नाही आन् सरणंही नाही." थोडे थांबून म्हणाली, "माह्या मधल्या लेकाचं तेच झालं."

पोरगा काही बोलला नाही. तिच्या हातातली फुंकणी घेऊन तो चुलीपाशी बसला.

वाचकहो, मोहाची दारू निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. तीही रोज ढोसणारे त्या वस्तीत आहेत, आणि सुनांनी ते माझ्यापासून लपवले नाही. भेसळीच्या दारूची गोष्ट तर निराळीच. २०१५ साली मुंबईच्या मालवणीत तिने शंभराहून अधिक माणसे मारली. पण एक गोष्ट मनात घोळत राहिली. ब्रिटिश सरकारने १८९२ साली मुंबई इलाख्यात मोहाच्या फुलावर कायदा केला. काही जिल्ह्यांत फूल जमवायला नि बाळगायलाच बंधने आली. दारूचा मक्ता ज्याच्याकडे, त्याचा गल्ला भरावा म्हणून. जपानात १८९९ साली झाले ते आपल्याकडे सात वर्षे आधी झाले होते. आपले वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हते, पण भट्टी मक्तेदाराची नि तहान गरिबाची, ही रीत सगळीकडे तीच. फुलाची ने-आण करण्यावरची बंधने महाराष्ट्र सरकारने उठवली ती २०२१ साली. डोंगराच्या पलीकडे मध्य प्रदेशाने २०२२ साली आणखी पुढचे पाऊल टाकले आणि आदिवासींच्या बचत गटांना मोहाची दारू परवान्याने करून विकायची वाट मोकळी केली. आपल्या पुण्यात २००९ साली 'डूलाली' नावाची लहान बिअरभट्टी निघाली. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ वेडा, आणि तो शब्द आला नाशिकजवळच्या देवळालीवरून! तेथल्या छावणीत बोटीची वाट पाहणारे गोरे शिपाई भ्रमिष्ट होत, म्हणून. शहरातल्या भट्टीला परवाना मिळाला. डोंगरातल्या म्हातारीचा मात्र मोह अजून व्यापाऱ्याच्या काट्यावरच आहे.

त्या काट्याची गोष्ट तुम्हांला नवी नाही. चैत्रात घरोघरी फूल असते, पैशाची नड असते, तेव्हा भाव पडतो. पावसाळ्यात डबे रिकामे झाले की तेच फूल बाजारातून चढ्या भावाने परत आणायचे. आपण सोयाबीनचे आणि कापसाचे दुसरे काय करतो? २००६ च्या वनहक्क कायद्याने मोहासारख्या गौण वनोपजावर तेथल्या लोकांचा हक्क मान्य केला आहे. पण साठवायला कोरडी खोली नसेल आणि चार महिने थांबायची ताकद नसेल, तर हक्क टोपलीतच राहतो. वस्तीतल्या काही बायकांचा लाडू करून विकायचा विचार आहे. तोनोची गोष्ट पोराने त्यांना सांगितली. त्यांनी ऐकून घेतली. एकीने विचारले, "तिथं रस्ता असंल नं?" आम्हांला उत्तर सुचले नाही.

निघताना आम्ही दोन किलो वाळली फुले विकत घेतली. म्हातारी पैसे घेईना. कापसाच्या दिवसांत आमच्या घरी जेवलेल्या भाकरी तिने मोजून दाखवल्या. शेवटी सुनेच्या हातात ठेवले.

घरी पिशवी उघडली तशी वहिनी दारातच थांबली. तो वास तिच्या ओळखीचा होता. पोराने तिला सगळे सांगितले, चुलीपाशी म्हातारी काय म्हणाली तेही. ती बराच वेळ काही बोलली नाही. संध्याकाळी तिने फुले भाजली, तीळ भाजले, गूळ घातला आणि लाडू वळले. शेजारच्या लेकरांना वाटले, आम्हांला दिले. स्वतः खाल्ला नाही. आम्हीही आग्रह केला नाही. पण डबा झाकून ठेवताना म्हणाली, "त्या बाईला या दिवाळीला लुगडं पाठवा."

तुम्हांला जायचे असेल तर होळीनंतरचे तीन-चार आठवडे चांगले. नांदुरा हे रेल्वेचे ठाणे, तेथून जळगाव जामोदला गाड्या मिळतात. अंबाबरवा अभयारण्याच्या बाजूने जाणार असाल तर वनखात्याची परवानगी आधी काढा. ओळखीच्या माणसाबरोबर जा. पाणी बरोबर घ्या, कारण वर पाण्याची ओढ असते. दारू मागू नका. त्याने त्यांच्यावरच बालंट येते. फुले घ्या, लाडू घ्या, आणि रास्त दाम द्या. आपल्या शेतात वर्षाकाठी दोन महिने राबणाऱ्या माणसांचे घर एकदा तरी पाहावे.