दहाचा चौकोन

एम.एस्सी.च्या वर्गात ग्रुप थिअरी शिकवताना ऑयलरची अटकळ मी मुद्दाम सांगतो. सहा पलटणी, सहा हुद्दे, छत्तीस अधिकारी. त्यांना चौकोनात असं उभं करा, की प्रत्येक आडव्या नि उभ्या ओळीत प्रत्येक पलटण आणि प्रत्येक हुद्दा एकदाच यावा. १७८२ मध्ये ऑयलर म्हणाला, जमायचं नाही. १०, १४, १८, २२ लाही नाही. सहाचं तारी या फ्रेंच गृहस्थानं १९०० च्या सुमारास चिकाटीनं तपासून खरं ठरवलं. बाकीचंही लोकांनी खरंच धरलं.

मे महिन्यात पूर्णगडला असलो की ओटीवर मी हा दहाचा चौकोन मांडतो. पाटीवरच, कारण मुचकुंदीच्या खाडीवरचा वारा कागद टिकू देत नाही. हात आपसूक बेरजेच्या तक्त्याकडे जातो: ० ते ९, दहा झाले की दहा टाकून द्यायचे. देखणा तक्ता! पण हा झाला फक्त पलटणींचा चौकोन. याला हुद्द्यांचा जोडीदार चौकोन हवा, तर यातून दहा घरं निवडता यायला हवीत: प्रत्येक ओळीतलं एक, प्रत्येक स्तंभातलं एक, आकडे सगळे वेगळे. ओळींच्या क्रमांकांची बेरीज ४५, म्हणजे दहा-दहा टाकून ५. स्तंभांचीही ५. दोन्ही मिळून ०. घरातला आकडा म्हणजे ओळ अधिक स्तंभ, तेव्हा त्या दहा आकड्यांची बेरीजही ० हवी. ती मात्र येते ५. खेळ खलास. हा तक्ता म्हणजे दहाचा एक ग्रुप. दोनानं भाग जातो पण चारानं जात नाही, अशा संख्येचा कुठलाही ग्रुप घ्या, त्याच्या तक्त्याची हीच गत. ऑयलरवर लोकांचा इतका विश्वास का बसला असेल, ते मला इथं कळतं.

१९५९ मध्ये शरच्चंद्र श्रीखंडे आणि त्यांचे गुरू राज चंद्र बोस यांनी अमेरिकेत २२ चा चौकोन बांधला; पाठोपाठ पार्कर या गणितज्ञानं १० चा. ऑयलरची अटकळ खोटी ठरली. न्यूयॉर्क टाइम्सनं बातमी पहिल्या पानावर छापली. आधी नागपूरला शिकवणारे श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात आले. आमच्या क्रमिक पुस्तकांत त्यांचं नाव तळटीपेतही सापडत नाही, हे मला खटकतं.

पार्करची युक्ती मला फार आवडते. दहाचा ग्रुप त्यानं घेतलाच नाही. सातचा घेतला, त्यात बाहेरची तीन चिन्हं घुसवली आणि त्या तिघांचा स्वतंत्र छोटा चौकोन कोपऱ्यात बसवला.

“म्हणजे सर, ग्रुप कामाला आलाच की!” एक विद्यार्थिनी म्हणाली. आला, पण सातापुरता. एकमेकांशी जुळणारे दहाचे तीन चौकोन मात्र अजून कोणालाच मिळालेले नाहीत. मिळणारच नाहीत, असंही कोणी सिद्ध केलेलं नाही.