तुरा आणि आवर्तन

"मामा, आपल्या उसाला तुरा कधी येतो?"

भाच्याने पुण्याहून फोनवर विचारलं. हा प्रश्न इकडे काळजीनेच विचारतात. तुरा आला की उसाची वाढ थांबते, आणि तो तसाच उभा राहिला तर आतून पोकळ पडत जातो. याच्या आवाजात मात्र सण जवळ आल्यासारखी अधीरता होती. शेवटच्या वर्षाची शॉर्टफिल्म करायची होती आणि डोक्यात सत्यजित राय होते. 'पथेर पांचाली'तले अपू आणि दुर्गा काशफुलांच्या पांढऱ्या लाटांतून धावतात आणि पलीकडून आगगाडी जाते, तो प्रसंग. काश आमच्या येडगावात कुठून आणायचा? मग त्याला आमचा ऊस आठवला.

खरं तर नातं तसं दूरचं नाही. काश हे उसाच्या कुळातलंच रानगवत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोइमतूरच्या संशोधकांनी त्याच्याशी उसाचा संकर करून काटक जाती तयार केल्या. म्हणजे पोराची नजर चुकीची नव्हती. फक्त त्या पांढऱ्या तुऱ्यांकडे पाहून बांधावर कोणी हरखत नाही एवढंच.

डिसेंबरात चौघं आली. दोन मुलं, दोन मुली, एक कॅमेरा आणि पुठ्ठ्याला चांदीचा कागद चिकटवून केलेला रिफ्लेक्टर. तुरा बघून खूश झाली. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात दोन लहान मुलं उसातून पळताना हवी होती. मी म्हटलं, या तालुक्यात ऊन तिरपं झालं की लेकरांना कोणी उसाजवळ फिरकू देत नाही. बिबट्याची मादी उसातच विते, तोडणीत पिल्लं सापडतात, जखमी किंवा पकडलेले बिबटे माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रात जातात. ही मुलं ऐकत होती, पण चेहऱ्यावर 'फ्रेम गेली' एवढंच दुःख.

आगगाडीचंही तेच. पुणे-नाशिक रेल्वेची वाट नारायणगाव वर्षानुवर्षं पाहतंय, आणि नारायणगाववरून जाणाऱ्या आखणीवर खोडदच्या रेडिओ दुर्बिणीमुळे आक्षेप आला. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांना आकाशातली अतिक्षीण कुजबुज ऐकायची, तिथे शेजारून विजेची गाडी कशी धडधडणार? तर काश नाही, गाडी नाही, उसात पळायची सोय नाही. राय म्हणावेत असं काय उरलं?

रात्री जेवताना मी त्यांना रायांचीच गोष्ट सांगितली. १९५२ मध्ये चित्रीकरणाची सुरुवात याच काशफुलांच्या प्रसंगाने झाली. थोडं काम झालं, आठवड्याने मंडळी परत गेली तर गुरांनी सगळा काश खाऊन टाकलेला. पुन्हा फुलायला वर्ष गेलं. कॅमेऱ्यामागचे सुब्रत मित्र एकविशीतले, त्यांनी याआधी चित्रपटाचा कॅमेरा चालवलेलाही नव्हता. पैसे संपले तेव्हा बंगाल सरकारने दिले, तेही म्हणे रस्त्यांच्या खात्यातून. हे ऐकून मुलं हसली. मार्चमध्ये प्रोजेक्ट जमा करायचा असल्यामुळे वर्षभर थांबण्याचा भाग त्यांना फारसा रुचला नाही.

दुसऱ्या दिवशी कालव्याला पाणी सुटलं. येडगाव धरणातून निघणारा कुकडीचा डावा कालवा जवळपास अडीचशे किलोमीटर जातो. पारनेर, श्रीगोंदा, कर्जत आणि शेवटी करमाळा. आमच्या गावातल्या पोरांना आवर्तनाचं, म्हणजे पाण्याच्या या पाळीचं, काही वाटत नाही. पाणी येतं, जातं. पण शेजारच्या फडात कर्जतकडची ऊसतोडीची टोळी होती. त्यातली एक नऊ-दहा वर्षांची पोर कोरड्या कालव्यातून पाण्याचं पहिलं तोंड येताना पाहून उठली. पाचट, धूळ आणि फेस ढकलत येणारं पाणी, आणि काठाने त्याच्या बरोबरीने धावणारी ती. धापा टाकत तिने आईला विचारलं, "हे कुठं चाललंय?" आई कोयता न थांबवता म्हणाली, "आपल्याकडंच की. पर पोचतंय कुठं!"

भाच्याने कॅमेरा तिकडे वळवला. मला विचाराल तर त्याची फिल्म तिथे सुरू झाली. अपूला आगगाडी जशी दुरून येऊन दूर जाणारी, तसंच हे पाणी या पोरीचं होतं. उसाचा तुरा त्या शॉटमध्ये मागे कुठेतरी आहे, न बघता बघितल्यासारखा.

कालव्याच्या शेवटच्या टोकाला असलेल्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे दिग्दर्शक नागराज मंजुळे. नगरच्या महाविद्यालयात संज्ञापन शिकत असताना त्यांनी केलेली 'पिस्तुल्या' पंधरा मिनिटांची, शाळेची ओढ लागलेल्या पारधी मुलाची. तिला पदार्पणाच्या दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि त्यातला सूरज पवार पुढे 'फँड्री'त, 'सैराट'मध्ये दिसला. मी भाच्याला ती दाखवली. त्याने ती दोनदा पाहिली, मग विचारलं, "ही पोरगी शाळेत जात असेल का हो?" टोळीबरोबर असते तेव्हा नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

तिच्या आईला विचारून उरलेले प्रसंग लिहिले. रविवारी चौघं पुन्हा आली तर फड रिकामा. ऊस तुटला, टोळी पुढच्या गावी गेली. दुसऱ्या मुलीला तोच फ्रॉक घालून पाठमोरी उभी करू, असं एकीने सुचवलं. भाच्याने मान डोलावली नाही. मार्चमध्ये त्यांनी अर्धीच फिल्म जमा केली आणि मार्कही त्या मानाने बेताचे पडले. टोळीच्या मुकादमाचा नंबर त्याच्याकडे आहे. परवा मला म्हणत होता, टोळी यंदा कुठल्या कारखान्याला लागणार ते दिवाळीनंतर कळेल.