बदलीच्या गावचा संघ

सरकारी नोकराला पक्ष नसावा असा दंडक आहे, आणि मी तो पंचवीस वर्षे निमूटपणे पाळला. जेथे बदली होईल तेथले पाणी गोड मानून घ्यावे, तेथल्या भांडणांत मात्र पडू नये, हे धोरण माझ्या प्रकृतीला चांगलेच मानवले होते. अशा माणसाने पन्नाशी उलटल्यावर रात्री साडेनऊ वाजता दूरचित्रवाणीसमोर उभे राहून कोणा अनोळखी तरुण बचावपटूचा अस्सल मराठीत उद्धार करावा, याचा उलगडा माझ्या सौभाग्यवतीला अद्याप झालेला नाही.

दोष कलकत्त्याचा. २०१९ साली माझी तेथे बदली झाली आणि जादवपूरकडे एका जुन्या घराचा वरचा मजला भाड्याने मिळाला. घरमालक पंचाहत्तरीचे. सारी गल्ली त्यांना काकाबाबू म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. पहिल्याच संध्याकाळी चहाचा पेला पुढे करीत त्यांनी विचारले, “मोशाय, आपण कोणाचे?” आपल्याकडे या प्रश्नाचा रोख निराळा असतो. मी सवयीने आडनाव सांगितले, मूळ गाव सांगितले. ते हसले. त्यांना हवे होते ते एवढेच, की मी मोहन बागानचा की ईस्ट बंगालचा! “अजून कोणाचाच नाही,” मी म्हणालो. “मग आमचेच व्हा,” असे म्हणून त्यांनी विषय मिटवला. पुढल्या रविवारी वर इलिश माशाची वाटी आली. मोहन बागानवाल्यांची खूण कोळंबी आणि ईस्ट बंगालवाल्यांची इलिश, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ती वाटी म्हणजे प्रवेशपत्रच होते, हे वाटी रिकामी झाल्यावर कळले.

या क्लबचा जन्मच मुळी अपमानातून झाला. १९२० साली जोडाबागान क्लबने पूर्व बंगालच्या शैलेश बोस यांना एका सामन्यातून वगळले. त्या रागाने सुरेशचंद्र चौधुरी बाहेर पडले आणि १ ऑगस्टला ईस्ट बंगाल क्लब उभा राहिला. पुढे फाळणी झाली. घर, तळे, नारळीची बाग पद्मेपलीकडे टाकून लाखो माणसे कलकत्त्यास आली आणि ज्यांच्यापाशी गाव उरले नव्हते त्यांनी गावाचे नाव लाल-सोनेरी सदऱ्यावर वाचले. काकाबाबू बरीसालहून आले ते चार वर्षांचे असताना, वडिलांच्या खांद्यावरून. गावातले त्यांना काहीच आठवत नाही. मात्र १९७५ च्या आय. एफ. ए. शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानवर चढवलेले पाचही गोल ते क्रमाने सांगतात.

मला स्वतःला मोह पडला तो निराळ्याच गोष्टीचा. १९४९ साली, ज्या वर्षी या क्लबने मुंबईचा रोव्हर्स चषकही नेला, तेव्हा त्याची आघाडीची फळी ‘पंचपांडव’ म्हणून गाजत होती : वेंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद खान आणि सालेह. या पाचांत बंगाली एकही नव्हता. सारे दक्षिणेकडून आलेले. परमुलखात पोटासाठी आलेल्या माणसांनी घर हरवलेल्यांचा संघ मोठा केला, हे ऐकून माझ्यातला बदलीवरचा कारकून विरघळला.

आणि विरघळला तो नेमका चुकीच्या मुहूर्तावर! २०२० च्या नोव्हेंबरात ईस्ट बंगाल इंडियन सुपर लीगमध्ये उतरला. साथीमुळे सारे सामने गोव्यात, रिकाम्या मैदानांवर. पहिलीच गाठ मोहन बागानशी, वास्कोच्या टिळक मैदानावर. म्हटले, नाव तरी शुभ आहे. हरलो, दोन गोलांनी. पुढला हंगाम तर आठवू नये असा : वीस सामने, विजय एक. सर्वांत शेवटचा क्रमांक. त्याच हंगामात, २९ जानेवारी २०२२ ला, मोहन बागानविरुद्ध आम्ही एका गोलाने पुढे होतो. तेव्हा त्यांनी कियान नसीरी नावाचा पोरगा आत पाठवला आणि त्याने एकट्याने तीन गोल मारले. त्याचे वडील जमशीद नसीरी एके काळी ईस्ट बंगालचेच लाडके खेळाडू! काकाबाबूंनी संच बंद केला आणि काळोखात बसून राहिले. अशा खेळाडूला आपल्या भाषेत ‘बदली खेळाडू’ म्हणतात, हे त्या रात्री मला फार लागले.

पराभवाची कारणे हुडकणे हा माझा पेशाच. फाईल उघडावी तसा मी हा संघ उघडून पाहिला. गुंतवणूकदार २०१८, २०२० आणि २०२२ असे दर दोन वर्षांनी बदललेले. त्या भीषण हंगामात प्रशिक्षक, हंगामी धरून, तीन. खेळाडू दर वर्षी नवे, तेही ऐन वेळी गोळा केलेले. उजवीकडून चेंडू येई तेव्हा मध्ये कोणी नसे. कोण कोठे धावेल हे दुसऱ्याला कळायला लागतो तेवढा काळ कोणी कोणाजवळ राहिलाच नव्हता. मी संतापून हे काकाबाबूंना समजावून सांगत होतो. ते शांतपणे म्हणाले, “आपल्या कचेरीचे वर्णन करता आहात काय?” मला हसू आले नाही. माझा मुलगा पाच शाळांतून शिकला. त्याला बालमित्र असा एकही नाही.

सुखाचे दिवस आलेच नाहीत असे नाही. २८ जानेवारी २०२४ ला भुवनेश्वरला जादा वेळेत ओडिशाला ३-२ असे हरवून सुपर कप मिळाला. बारा वर्षांनंतरचा पहिला राष्ट्रीय चषक. काकाबाबू जिन्याने वर आले, ते कधी येत नसत. त्यांनी मला मिठी मारली आणि त्यांचा चष्मा माझ्या खांद्यावर वाकडा झाला.

त्याच पावसाळ्यात माझी जबलपूरला बदली झाली. नव्या हंगामाचे पहिले सहा सामने ईस्ट बंगाल ओळीने हरला, मोहन बागानविरुद्धचा धरून. प्रत्येक सामन्यानंतर काकाबाबूंचा फोन येई. खेळाविषयी ते चकार शब्द काढीत नसत. तिकडे मासा कोणता मिळतो, एवढेच विचारीत. सहाव्या पराभवाच्या रात्री माझाच संयम सुटला. “पुरे झाले, काकाबाबू. आता मी सामने पाहणार नाही.”

पलीकडे बराच वेळ पंख्याची घरघर ऐकू येत होती.

“का? बदली झाली म्हणून?” त्यांनी विचारले.

पुढला सामना कधी आहे, हे मीच त्यांना विचारले. त्यांनी कागद आणायला लावला आणि वार, तारीख, वेळ नीट लिहून घ्यायला सांगितले.